आधी हवा, मग गॅस: घरातल्या फर्नेसच्या तपासणीचा अनुभव

आमच्या घरातली गॅस फर्नेस, म्हणजे गॅसवर हवा तापवून ती झरोक्यांतून खोल्यांत पाठवणारी भट्टी, बंद पडलेली नव्हती; तिची तक्रार त्याहून बुचकळ्यात टाकणारी होती. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की ती नेमाने पेट घेई, पंखा सुरू होई, झरोक्यांतून चांगली कढत हवा येई आणि खोली अजून पुरती उबदार झालेली नसतानाच बर्नर विझत. पंखा मात्र चालूच राही. काही मिनिटांनी बर्नर पुन्हा पेटत आणि थोड्याच वेळात पुन्हा विझत. कडाक्याच्या थंडीत घर ठरलेल्या तापमानापर्यंत पोहोचायला त्यामुळे फार वेळ लागे. हवा कमी गरम येते अशी तक्रार असती तर गॅस कमी पडतो असे समजता आले असते. इथे हवा गरजेपेक्षा जास्त गरम होती आणि तरीही घर थंड राहत होते.

तपासणीसाठी आलेल्या परवानाधारक तंत्रज्ञ बाई अनुभवी होत्या. मी पेशाने यंत्रांशी संबंधित असल्यामुळे मला शेजारी उभे राहून सगळे आकडे टिपून घ्यायचे होते आणि त्यांनीही त्याला हरकत घेतली नाही. गॅस व्हॉल्व्हला हात लावायचे काम त्यांचे, वहीत लिहायचे काम माझे, अशी वाटणी झाली. कोणताही स्क्रू फिरवण्यापूर्वी त्यांनी फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूची पाटी वाचली आणि मलाही मोठ्याने वाचायला लावली. गॅसची निविष्ट उष्णता ताशी ८०,००० बीटीयू (उष्णतेचे ब्रिटिश एकक), कार्यक्षमता ९५ टक्के, व्हॉल्व्हकडे येणाऱ्या नैसर्गिक गॅसचा दाब कमीत कमी ४.५ आणि जास्तीत जास्त १०.५ इंच, बर्नरकडे जाणाऱ्या नळीतला म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब ३.५ इंच, हवेच्या तापमानातली वाढ ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट आणि डक्टचा, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळांचा, एकूण बाह्य स्थिर दाब (हवेला होणाऱ्या अडथळ्याचे माप) ०.५ इंच. पुढच्या सगळ्या तपासणीत प्रत्येक मोजमाप याच पाटीवरच्या कोणत्या ना कोणत्या आकड्याशी ताडून पाहायचे होते.

हे इंच म्हणजे पाण्याच्या स्तंभाचे इंच. एक इंच म्हणजे सुमारे २४९ पास्कल. वातावरणाचा दाब याच मापाने चारशे इंचांच्या वर भरतो, तेव्हा मॅनिफोल्डमधला ३.५ इंच दाब हा वातावरणीय दाबाच्या एक टक्काही नाही. अख्खे घर तापवणारा गॅस इतक्या हलक्या दाबाने बर्नरमध्ये शिरतो ही गोष्ट मला तोवर कधी जाणवली नव्हती आणि अर्ध्या इंचाच्या फरकाला इतके महत्त्व का, याचा उलगडाही त्यातूनच झाला.

पहिली पाहणी नुसत्या डोळ्यांनी आणि कानांनी झाली. दार उघडून, दाराचा सुरक्षा स्विच दाबून धरून त्यांनी फर्नेस एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहिली. थर्मोस्टॅटचा इशारा मिळताच आधी धूर ओढणारा छोटा पंखा फिरू लागतो. त्याने पुरेशी ओढ निर्माण केली की प्रेशर स्विच जुळतो आणि मगच नियंत्रण पट्टी पुढची पायरी घेते. इग्नायटर लालभडक होतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो, पहिला बर्नर पेटतो आणि ज्योत शेजारच्या बर्नरवरून पुढे सरकत सगळ्यांना पेटवते. काही सेकंदांत फ्लेम सेन्सरने ज्योत असल्याची खात्री दिली नाही तर व्हॉल्व्ह बंद होतो. ज्योत टिकली तर साधारण अर्ध्या मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होऊन घराची हवा हीट एक्स्चेंजरवरून, म्हणजे ज्योतीची उष्णता हवेला देणाऱ्या पत्र्याच्या कप्प्यावरून, ढकलू लागतो. या साखळीतली कोणती कडी तुटते ते पाहिल्याशिवाय मोजमापांना अर्थ नसतो. आमच्या बाबतीत सगळ्या कड्या धड होत्या. बर्नर विझत होते ते लिमिट स्विचमुळे. हीट एक्स्चेंजरच्या आसपासची हवा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त तापली की हा स्विच गॅस तोडतो आणि ती निवेपर्यंत पंखा चालू ठेवतो. थोडक्यात, फर्नेस बिघडलेली नव्हती, ती स्वतःला वाचवत होती.

अशा वेळी लिमिट स्विच बदलून मोकळे होणारे लोक असतात, आणि तो बदलण्याइतकी सोपी दुरुस्ती दुसरी नाही, हेही खरे. पण स्विच जर त्याच्या ठरलेल्या तापमानाला उघडत असेल, तर तो बदलल्याने उष्णता कुठेही जात नाही. तंत्रज्ञ बाईंनी त्याला हातही लावला नाही. त्यांनी डक्टमध्ये दोन बारीक भोके पाडून त्यांत तापमापकाच्या सळ्या घातल्या: एक घरातली हवा फर्नेसकडे आणणाऱ्या परतीच्या डक्टमध्ये, दुसरी तापलेली हवा खोल्यांकडे नेणाऱ्या पुरवठ्याच्या डक्टमध्ये. ही दुसरी सळी हीट एक्स्चेंजर थेट दिसणार नाही अशा वळणापलीकडे असावी लागते, कारण तापलेल्या पत्र्याची उष्णता किरणांनी सळीवर पडली तर आकडा फुगून येतो. आकडे स्थिरावू दिले तेव्हा परतीची हवा ६६ अंश आणि पुरवठ्याची १५० अंश फॅरनहाइट होती. वाढ ८४ अंशांची. पाटीवरची कमाल मर्यादा ६५.

तापमानातली वाढ मर्यादेपलीकडे जाते त्याची कारणे दोनच असू शकतात. एक तर उष्णता जास्त निर्माण होते आहे, नाही तर ती वाहून नेणारी हवा कमी पडते आहे. मला उत्सुकता गॅसची होती, कारण गॅस व्हॉल्व्हवरचा स्क्रू समोर दिसत होता आणि दाब मोजणारा मॅनोमीटर पेटीत तयार होता. त्यांनी मात्र आधी हवेकडे पाहायचे ठरवले. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘गॅस कमी केला तर हाही आकडा खाली येईल. मग हवा अडली आहे हे आपल्याला कधी कळणारच नाही.’’ या एका वाक्यात त्या दिवसाचा सगळा क्रम ठरून गेला.

स्थिर दाब मोजण्यासाठी त्याच मॅनोमीटरच्या दोन नळ्या वापरतात. एक नळी ब्लोअरच्या आधी, फिल्टर आणि ब्लोअर यांच्यामध्ये. दुसरी फर्नेसमधून हवा बाहेर पडते तिथे. घरात वातानुकूलनाची कॉइल फर्नेसच्या डोक्यावर बसवलेली असेल तर दुसरी नळी फर्नेस आणि कॉइल यांच्यामध्येच घालावी लागते, नाही तर कॉइलचा अडथळा मोजमापातून निसटतो. आमच्याकडे कॉइल नव्हती. ओढीकडचा आणि ढकलण्याकडचा आकडा चिन्ह बाजूला ठेवून एकत्र केला तेव्हा ०.८२ इंच आले. पाटीवर ०.५ होते. मग त्यांनी फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे नळ्या धरून एकट्या फिल्टरवरचा दाबफरक पाहिला, तो ०.४१ इंच निघाला. म्हणजे निम्मा अडथळा एकटा फिल्टर करत होता.

हा फिल्टर मळलेला नव्हता, हे इथे सांगायला हवे. तो नुकताच बसवलेला, एक इंच जाडीचा आणि अतिशय दाट विणीचा होता. सूक्ष्म धूळकण अडवतो म्हणून अधिक चांगला, असे त्याच्या वेष्टनावरून वाटावे असाच. दाट फिल्टर वाईट नसतात, पण तेवढ्या दाट विणीतून तेवढी हवा जाऊ द्यायची तर फिल्टरचे क्षेत्रफळ मोठे हवे किंवा घड्या खोल हव्यात. एक इंचाच्या खाचेत तो बसवला की ब्लोअरचा श्वास कोंडतो. त्याच्या जागी कमी अडथळ्याचा फिल्टर बसवला. याशिवाय घराच्या आधीच्या रहिवाशांनी टोकाच्या खोल्यांमधल्या झरोक्यांच्या पट्ट्या मिटवून ठेवल्या होत्या, त्या उघडल्या. न वापरल्या जाणाऱ्या खोल्या बंद ठेवल्या की गॅस वाचतो हा समज सर्वत्र आढळतो, पण फर्नेसच्या बर्नरला खोल्या मोजता येत नाहीत. तो तेवढीच उष्णता निर्माण करत राहतो आणि ती कमी वाटांनी बाहेर काढायची पाळी ब्लोअरवर येते. या दोन बदलांनंतर स्थिर दाब ०.४४ इंचांवर आला आणि तापमानवाढ ७१ अंशांवर. सुधारणा मोठी होती, पण आकडा अजून पाटीबाहेरच होता. आता गॅसकडे वळायला खरे कारण मिळाले.

गॅस किती जळतो हे दाबावरून ओळखण्याआधी त्यांनी मीटरवरून मोजले. घरातली गॅसवर चालणारी इतर सगळी उपकरणे बंद केली आणि मीटरवरची दोन घनफुटांची छोटी तबकडी एक फेरा पूर्ण करायला किती सेकंद घेते ते स्टॉपवॉचने पाहिले. ८६ सेकंद लागले. एका तासातले ३,६०० सेकंद गुणिले दोन, भागिले ८६, म्हणजे ताशी सुमारे ८४ घनफूट. पुरवठादाराने दिलेले गॅसचे उष्मामूल्य घनफुटाला १,०३० बीटीयू होते, त्याने गुणल्यावर ताशी ८६,००० बीटीयूच्या थोडे वर आले. पाटीवर ८०,००० असताना फर्नेस सात-आठ टक्के जास्त गॅस जाळत होती.

त्यानंतर गॅस बंद करून, व्हॉल्व्हवरच्या दोन चाचणी-छिद्रांचे बारीक प्लग षट्कोनी किल्लीने काढून तिथे मॅनोमीटरच्या नळ्या जोडल्या. येणारा दाब काहीही चालू नसताना ७.२ इंच होता आणि फर्नेससह घरातली सगळी गॅस उपकरणे एकदम चालवल्यावर ६.८ इंचांपर्यंत उतरला. दोन्ही आकडे मर्यादेत आणि त्यांतला फरकही थोडा, म्हणजे पाइप पुरेसा रुंद होता. हे पाहणे आवश्यक असते, कारण आत येणारा दाबच डळमळीत असेल तर पुढचा नियामक कितीही नीट जुळवला तरी आकडा टिकत नाही. मॅनिफोल्डचा दाब मात्र ३.५ ऐवजी ४.१ इंच निघाला. नोझलमधून जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो; दाब सतरा टक्के जास्त असेल तर गॅस सुमारे आठ टक्के जास्त. मीटरवरून काढलेला आकडा आणि हा हिशेब एकमेकांशी तंतोतंत जुळले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. दोन स्वतंत्र वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचलेल्या मोजमापावर विसंबायला हरकत नसते.

हा दाब आपोआप वाढलेला नसावा, असे त्यांचे मत पडले, आणि मलाही ते पटते. घर लवकर तापत नाही म्हणून कोणीतरी कधीतरी स्क्रू आवळला असावा. परिणाम नेमका उलटा झाला, कारण वाढीव उष्णता वाहून न्यायला हवा नव्हती आणि लिमिट स्विच अधिक वेळा गॅस तोडू लागला. जास्त गॅस आणि कमी ऊब, असा हा उफराटा व्यवहार होता.

स्क्रू फिरवण्यापूर्वी त्यांनी धुराचे विश्लेषण करून घेतले, म्हणजे आधीची स्थिती नोंदली जावी. विश्लेषकाची सळी धूरनळीत घातली. ऑक्सिजन ५.६ टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड ९६ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ९६ भाग. हा दुसरा आकडा तसाच वाचून चालत नाही, कारण धुरात मिसळलेली जादा हवा त्याला पातळ करत असते. म्हणून तो हवारहित करून पाहतात: २०.९ ला, २०.९ मधून धुरातला ऑक्सिजन वजा करून आलेल्या संख्येने भागायचे आणि त्याने मोजलेल्या पीपीएमला गुणायचे. तसे केल्यावर १३० च्या आसपास आले. घरगुती फर्नेससाठीच्या अमेरिकी प्रमाणकात ही कमाल मर्यादा ४०० आहे, त्यामुळे आकडा धोक्याचा नव्हता, पण नीट जुळवलेल्या बर्नरकडून याहून बरीच चांगली अपेक्षा असते. ज्योत मात्र डोळ्यांना स्वच्छ निळीच दिसत होती. ज्योतीच्या रंगावरून ज्वलन पारखण्याची सवय किती अपुरी आहे हे मला तेव्हा कळले. पिवळी ज्योत निश्चित वाईट, पण निळी ज्योत चांगलीच असेल असे नाही.

विश्लेषक लावलेला असतानाच आणखी एक गोष्ट त्यांनी मला मुद्दाम दाखवली. बर्नर पेटल्यानंतर आणि ब्लोअर सुरू होण्यापूर्वी ऑक्सिजनचा आकडा पाहून ठेवायचा आणि ब्लोअर सुरू होताच तो उडी मारतो का ते पाहायचे. हीट एक्स्चेंजरला तडा गेलेला असेल तर ब्लोअरची हवा त्यातून बर्नरच्या बाजूला घुसते, ज्योती हलतात आणि ऑक्सिजन अचानक बदलतो. आमच्याकडे ब्लोअर घरघरत सुरू झाला तरी ज्योती सरळ राहिल्या आणि आकडा जागचा हलला नाही. एवढ्या एका परीक्षेवर हीट एक्स्चेंजर निर्दोष ठरत नाही, म्हणून त्यांनी बर्नरच्या बाजूने दिवा आणि आरसा घालून जेवढे दिसते तेवढे पाहून घेतले.

मग नियामकाची टोपी काढून आतला स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अगदी हलका फिरवला. दाब खाली येऊ लागला. प्रत्येक फिरवण्यानंतर त्या थांबत, आकडा स्थिर होऊ देत आणि मगच पुढे जात. ३.५ वर आल्यावर टोपी परत बसवून दाब पुन्हा वाचला, कारण अंतिम वाचन टोपी जागेवर असतानाचेच धरायचे असते. मीटर पुन्हा मोजला: तबकडीच्या फेऱ्याला आता ९३ सेकंद लागत होते, म्हणजे ताशी जवळजवळ ८०,००० बीटीयू. धुरातला ऑक्सिजन ६.८ टक्क्यांवर गेला, कारण हवा तेवढीच असताना गॅस कमी झाला होता. कार्बन मोनॉक्साइड १८ पीपीएमवर उतरला, हवारहित केल्यावर २७. धुराचे तापमान ११८ अंश फॅरनहाइट होते, म्हणजे सुमारे ४८ अंश सेल्सिअस, आणि ओलावा निथळवून उष्णता काढून घेणाऱ्या फर्नेसच्या दृष्टीने ते योग्यच होते.

तापमानवाढ आता ६५ अंश झाली होती. मर्यादेच्या अगदी काठावर आणून सोडणे त्यांना पसंत नव्हते. फिल्टर जरा मळला की ती पुन्हा ओलांडली जाणार. म्हणून वीज बंद करून ब्लोअरच्या मोटरची तार एक गती वरच्या जोडणीवर हलवली. तापमानवाढ ६० अंशांवर आली. मात्र जास्त हवेबरोबर स्थिर दाबही वाढून ०.५३ इंच झाला, म्हणजे पाटीपेक्षा किंचित वर. हवा वाढवली की दाब वाढतो आणि दाब जपला की तापमान वर जाते, अशी ही ओढाताण आहे. तिच्यात नेमके कुठे थांबायचे हे कोणतीही पाटी सांगत नाही. त्यांनी इथेच थांबायचे ठरवले आणि उरलेला दोष परतीच्या डक्टचा आहे, तो अरुंद आहे, असे स्पष्ट सांगितले.

फ्लेम सेन्सरकडे त्या शेवटी वळल्या. ही ज्योतीत उभी असलेली साधी धातूची कांडी. नियंत्रण पट्टी तिला प्रत्यावर्ती विद्युतदाब पुरवते. ज्योतीतले आयन वीज वाहून नेतात, पण कांडीच्या मानाने बर्नरचा पृष्ठभाग कितीतरी मोठा असल्याने प्रवाह मुख्यतः एकाच दिशेने वाहतो आणि हा एकदिश प्रवाह म्हणजेच ज्योत असल्याचा पुरावा. तो मायक्रोअँपिअरमध्ये मोजतात. मालिकेत मीटर जोडल्यावर १.१ दिसले, चालण्यापुरते होते, पण निश्चिंत राहण्याइतके नव्हते. कांडी काढून बारीक तारेच्या काथ्याने तिच्यावरचा पांढुरका थर घासला, चिंधीने पुसली, परत बसवली. आकडा ३.४ वर गेला. संपूर्ण तपासणीतले सर्वांत स्वस्त काम हेच.

शेवटी सुरक्षेच्या चाचण्या झाल्या. चाचणी-छिद्रांचे प्लग परत बसवून, गॅस सुरू करून, फर्नेस चालू असताना प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी सोडले आणि बुडबुडा फुगतो का ते पाहिले. प्रेशर स्विचची रबरी नळी काढताच बर्नर विझले. मग त्यांनी परतीच्या जाळीवर पुठ्ठा ठेवून हवा हळूहळू अडवली. तापमान चढत गेले आणि लिमिट स्विचने गॅस तोडला. पुठ्ठा काढल्यावर ब्लोअरने पत्रा निववला आणि बर्नर आपोआप पुन्हा पेटले. ज्या स्विचमुळे त्यांना बोलावले होते तो शेवटपर्यंत तोच राहिला.

सगळे आकडे त्यांनी दाराच्या आत एका कागदावर तारखेसह लिहून चिकटवले. माझ्या वहीत आधीचे आणि नंतरचे असे दोन स्तंभ झाले. बर्नर आता थर्मोस्टॅट समाधानी होईपर्यंत अखंड जळतात. परतीचा डक्ट रुंद करण्याचे काम थंडी ओसरल्यावर करायचे आहे आणि ते झाले की ब्लोअरची तार कदाचित पुन्हा खालच्या गतीवर आणता येईल. त्या वेळी स्थिर दाब, तापमानवाढ आणि धुराचे विश्लेषण हे तिन्ही नव्याने मोजावे लागेल, असे त्यांनी त्या कागदाच्या तळाशी लिहून ठेवले आहे.